तीस मशिन, तीच जुनी नावं: वागळे इस्टेटच्या डोमेन जॉइनच्या नोंदी

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

फराळाचा डबा अजून संपलेला नाही आणि रिसेप्शनच्या मागे तीस खोकी येऊन उभी आहेत. सव्वीस इथल्या, ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या ऑफिसची, चार रबाळेच्या गोडाऊनची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. जुन्या मशिनचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, त्यामुळे सगळीच बदलायची असं सप्टेंबरातच ठरलं होतं. माल दिवाळीच्या गर्दीत अडकला, आज उतरला.

क्लायंटच्या साहेबांची एकच अट: मशिनची नावं बदलायची नाहीत. टीएच-एसीसी-०३ म्हणजे अकाउंट्सचं तिसरं टेबल, हे प्रिंटरच्या सेटिंगपासून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रजिस्टरपर्यंत सगळीकडे मुरलेलं आहे. मी म्हटलं, काही प्रश्न नाही, जुनं काढायचं, नवं त्याच नावाने डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्याला, जोडायचं. मागे असं कितीदा केलंय. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे वाचताना माझंच मला हसू यावं म्हणून.

आज फक्त खोकी फोडली. दोन मशिनमध्ये विंडोजची होम आवृत्ती निघाली. होमला डोमेन जॉइन होतच नाही, तो पर्यायच तिथे नसतो. सप्लायरला फोन केला. "चालेल ना साहेब, विंडोज ११च आहे." चालणार नाही. ती दोन बाजूला ठेवली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पहिलं मशिन जोडायला घेतलं, तर डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) सापडत नाही. हे मात्र ओळखीचं दुखणं. डीएचसीपीमध्ये (मशिनना आयपी वाटणारी सेवा) पहिला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आपल्या सर्व्हरचा आणि दुसरा गूगलचा ८.८.८.८ भरलेला होता, "नेट बंद पडू नये म्हणून". आपल्या सर्व्हरने उत्तर द्यायला जरा उशीर केला की मशिन दुसऱ्याकडे वळतं, आणि बाहेरच्या डीएनएसला आमच्या आतल्या डोमेनचा पत्ता ठाऊक असण्याचं कारणच नाही. दुसरा डीएनएस काढला, नवा आयपी घेतला, एनएसलुकअप कमांडने डोमेन कंट्रोलरचा एसआरव्ही रेकॉर्ड (तो कुठे आहे ते सांगणारी नोंद) विचारला, लगेच आला.

चाचणी म्हणून ट्रायल-०१ असं नवं नाव देऊन, माझ्याच रोजच्या लॉगिनने जॉइन केलं. वेलकम टू द डोमेन. ज्युनिअर पोराने टाळी दिली.

मग टीएच-एसीसी-०३. नाव तेच, लॉगिन तेच, केबलसुद्धा तीच. लाल फुली. मजकुराचा अर्थ असा: या नावाचं अकाउंट अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या युजर आणि मशिनच्या नोंदवहीत) आधीपासून आहे, ते पुन्हा वापरायला सुरक्षा धोरणाने मज्जाव केला आहे.

"दादा, पासवर्ड चुकला असेल."
"पासवर्ड चुकला असता तर पासवर्ड चुकला असं म्हणाला असता."
"मग राइट्स नसतील. सरांकडून अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागूया का?"

सर म्हणजे सर्व्हर सांभाळणारे कन्सल्टंट. डोमेन अ‍ॅडमिनची चावी फक्त त्यांच्याकडे असते, ते ऐरोलीला बसतात आणि एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून स्क्रीन ताब्यात घेऊन, काम करतात. फोन लावला. त्यांनी पासवर्ड दिला नाही, पण स्क्रीनवर येऊन स्वतः टाकला. तीच लाल फुली. डोमेन अ‍ॅडमिनलाही नाही! तिथे माझी झोप उडाली. डोमेनमधल्या सगळ्यात मोठ्या माणसाला दार उघडत नसेल, तर अडचण जोडणाऱ्याच्या हक्काची नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं दुसऱ्या दिवशी.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सकाळी कळव्याहून निघतानाच ठरवलं होतं की आज खिडकीतला मजकूर वाचायचा नाही, लॉग वाचायचा. मशिन डोमेनला जोडताना जे जे घडतं ते सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, डीबग नावाच्या फोल्डरातल्या नेटसेटअप डॉट लॉगमध्ये ओळीओळीने उतरतं. नोटपॅडमध्ये उघडायचं, सरळ तळाशी जायचं आणि तिथून वर चढत यायचं.

तळाशी एरर कोड, हेक्समध्ये. दशमानात तो २७३२ होतो. त्याच्या थोडं वर एक ओळ, अर्थ असा: हे अकाउंट जॉइन-प्रिव्हिलेजमधून तयार झालेलं आहे आणि ते या युजरचं नाही, म्हणून पुनर्वापर रोखला.

"या युजरचं नाही." कालपासून आम्ही कोण जोडतोय ते बघत बसलो होतो. विंडोज विचारत होतं, आधी कुणी जोडलं होतं?

याचं मूळ ११ ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचा माहिती-लेख केबी ५०२०२७६, आणि ज्या सुरक्षा-त्रुटीसाठी तो आला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२२-३८०४२. मुद्दा साधा आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत कुणी कॉम्प्युटर अकाउंट तयार केलं की त्या अकाउंटवर त्याचा काही हक्क राहतो. समजा एखाद्या साध्या युजरने उद्या येणाऱ्या मशिनच्या नावाने आजच अकाउंट बनवून ठेवलं. उद्या अ‍ॅडमिनने बेसावधपणे मशिन त्याच नावाने जोडलं, तर ते मशिन जाऊन बसतं परक्याने मांडून ठेवलेल्या पाटावर. म्हणून आता जोडणारं मशिन स्वतःच तपासतं: हे अकाउंट जोडणाऱ्यानेच बनवलंय का? की डोमेन अ‍ॅडमिनने? दोन्ही नसेल तर थांब. आणि म्हणूनच सरांनाही थांबवलं, कारण टीएच-एसीसी-०३ त्यांनी बनवलेलंच नव्हतं.

मग बनवलं कुणी? साहेबांना विचारलं. "तो आधीचा मुलगा होता ना, पुण्याला गेला तो. त्यानेच सगळं बसवलं."

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आजचा दिवस पोलीस पंचनाम्यासारखा गेला. सरांनी सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची खिडकी उघडली, व्ह्यूमधून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू केलं (ते केल्याशिवाय सिक्युरिटीचा टॅब दिसतच नाही), आणि आम्ही एकेक कॉम्प्युटर अकाउंट उघडून त्याचा ओनर वहीत उतरवत गेलो. वागळेचे सव्वीस.

सोळा अकाउंट्सच्या ओनरच्या जागी नावच नाही. एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ, म्हणजे सिड, अकाउंटचा आतला ओळख-क्रमांक. सोळाही ठिकाणी तीच. पुण्याला गेलेल्या मुलाचं लॉगिन त्याने नोकरी सोडल्यावर डिलीट केलं गेलं, म्हणून नाव पुसलं आणि नंबर तेवढा उरला. भाडेकरू गेला तरी पाटी दारावर राहावी तसं.

उरलेल्या दहांचा ओनर डोमेन अ‍ॅडमिन्स. आता हे दहा तर बिनबोभाट जुळायला हवेत, आणि अडलेलं टीएच-एसीसी-०३ त्यातलंच! सर म्हणाले, "अ‍ॅट्रिब्यूट एडिटर बघू." त्यात एमएस-डीएस-क्रिएटर-सिड नावाचं, अकाउंट कुणी बनवलं ते सांगणारं खातं असतं. दहाही ठिकाणी ते भरलेलं आणि त्यात पुन्हा तीच माळ. सोळांमध्ये ते रिकामं.

बरोब्बर दहा. इथे दोघेही हसलो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मूळची सेटिंग अशी आहे की कुठलाही साधा युजर, काही खास हक्क न देता, दहा कॉम्प्युटर डोमेनला जोडू शकतो. त्या आकड्याला मशिन अकाउंट कोटा म्हणतात. कोट्यातून, म्हणजे लॉगमधल्या जॉइन-प्रिव्हिलेजमधून, बनलेल्या अकाउंटचा ओनर डोमेन अ‍ॅडमिन्स दिसतो, पण खरा बनवणारा क्रिएटर-सिडमध्ये नोंदला जातो. म्हणजे त्या मुलाने आपल्या रोजच्या लॉगिनने दहा मशिन जोडली, अकराव्याला कोटा संपल्याचा निरोप आला, मग त्याने कुणाकडून तरी ओयूवर (डिरेक्टरीतल्या एका कप्प्यावर) अकाउंट बनवण्याचा हक्क घेतला आणि पुढची सोळा त्या हक्काने जोडली. त्यांचा ओनर तो स्वतः झाला. एकाच माणसाने दोन वाटांनी केलेलं काम, म्हणून दोन वेगळी दुखणी.

त्याला दोष देत नाही. तेव्हा हेच चालायचं, आणि चालतंय म्हटल्यावर कोण बघतो. परवा मीही ट्रायल-०१ कुठल्या लॉगिनने जोडलं? माझ्याच. त्याचं क्रिएटर-सिड उघडून पाहिलं. मीच होतो.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ज्युनिअरने रात्री मोबाइलवर शोधून एक रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंगची) चावी आणली. नेटजॉइन-लेगसी-अकाउंट-रियूज. तिथल्या एलएसए या भागाखाली ती घालायची, किंमत १ करायची, की जुनी वागणूक परत. मला वाटलं, बघायला काय जातं. दोन तास गेले. तीनदा रीस्टार्ट, तीनदा लाल फुली. ती पळवाट १३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने बंद केली आहे. आमची मशिन कालपरवा कारखान्यातून आलेली, अपडेट भरून. ती चावी काढून टाकली.

दुपारनंतर इमारतीचीच वीज गेली. यूपीएसवर सर्व्हर नीट बंद केला आणि घरी.

शनिवार, १ नोव्हेंबर

सर आज प्रत्यक्ष आले. साहेबांचा सूर असा की "एवढं कशाला, याला अ‍ॅडमिनचाच पासवर्ड देऊन टाका ना." सरांनी नाही म्हटलं, आणि मीही नाही म्हटलं. मला ती चावी खिशात नकोच आहे. तीस टेबलांवर डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाइप करत फिरायचा, आणि त्यातल्या एकाच मशिनवर काही वाईट बसलेलं असेल तर सगळं डोमेनच गेलं.

मग ठरलं ते असं. सोळांचा ओनर बदलून डोमेन अ‍ॅडमिन्स करायचा. एरवी ओनर हाताने बदलू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, कारण ओनर बदलला तरी जुन्या माणसाला दिलेले हक्क आत तसेच राहतात. जुन्या मालकाचं लॉगिन डिलीट झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे ते झालेलं आहे. तरीही परवानग्यांच्या यादीत त्या माळेच्या नावाने जे काही शिल्लक आहे ते पुसायचंच. दहांना मात्र हा इलाज लागू नाही, क्रिएटर-सिड हाताने पुसता येत नाही. ती दहा अकाउंट्स डिलीट करून सरांनी त्याच नावाने नव्याने बनवायची, म्हणजे मालकी आपोआप डोमेन अ‍ॅडमिन्सची.

जोडण्यासाठी जॉइन-टीम नावाचा ग्रुप केला. त्यात मी आणि ज्युनिअर, पण रोजच्या लॉगिनने नाही, या कामापुरती वेगळी लॉगिन्स. ग्रुपला फक्त त्या ओयूवर कॉम्प्युटर अकाउंट बनवायचा आणि काढायचा हक्क, आणि आतल्या कॉम्प्युटर अकाउंट्सवर चार गोष्टी: पासवर्ड रीसेट, अकाउंट रिस्ट्रिक्शन्स वाचणं-लिहिणं, डीएनएस नाव लिहिणं आणि एसपीएन (मशिनवरच्या सेवांची ओळख-नावं) लिहिणं. कोटा दहावरून शून्य.

शिवाय डोमेन कंट्रोलरवर एक ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून लावायचा नियम), जी मार्च २०२३ च्या अपडेटपासून मिळते: डोमेन जॉइनच्या वेळी कॉम्प्युटर अकाउंटचा पुनर्वापर करू देणारी. तिच्यात जॉइन-टीम घातली. ही यादी जोडणाऱ्यांची समजून मी आधी वाचत होतो. सरांनी दुरुस्त केलं, ती विश्वासू मालकांची यादी आहे. या ग्रुपमधल्या कुणीही बनवलेलं अकाउंट उद्या दुसऱ्याला वापरता येईल. मी नोकरी सोडून गेलो तर माझ्या जागी येणाऱ्याला वही घेऊन ओनर मोजत बसावं लागणार नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

"मॅडम, तुमचं अकाउंट डिलीट करून परत बनवतोय, दहा मिनिटं लागतील." अकाउंट्सच्या मॅडम खुर्चीतून उठल्याच. "कुठलं अकाउंट? जीएसटीचं काम चालू आहे माझं!" कॉम्प्युटरचं अकाउंट, मॅडम. पुढे दिवसभर मी "मशिनची नोंद" असं म्हणत फिरलो.

खरी ठेच दुपारी लागली. पहिली तीन अकाउंट्स डिलीट करून नव्याने बनवली, मशिन जुळली, सगळे खूश. मॅडमच्या जुन्या मशिनमधली एसएसडी काढून केसमध्ये घातली आणि डेटा कॉपी करायला नव्याला लावली. स्क्रीनवर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मागणारी चौकट. अठ्ठेचाळीस आकडी. ती की कुठे असते? अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, त्या कॉम्प्युटर अकाउंटच्या पोटात. आणि ते अकाउंट आम्ही तासाभरापूर्वी उडवलेलं. डिलीट करताना सर्व्हरने विचारलंही होतं, यात आणखी वस्तू आहेत, त्यांच्यासकट काढू का? सरांनी हो केलं होतं, आणि मी बाजूला बसून मान डोलावली होती.

मॅडम मागे उभ्या. मी काही बोललो नाही, पंखा वाढवला.

वाचलो ते सरांनी कधीकाळी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू करून ठेवला होता म्हणून. पण त्याच नावाचं नवं अकाउंट उभं असताना जुनं परत कसं बसणार? नव्याचं नाव तात्पुरतं बदललं, जुनं परत आणलं, मग त्याच्या पोटातल्या नोंदी वेगळ्या परत आणल्या. आधी आई, मग लेकरं, उलटं चालत नाही. की मिळाली, ज्युनिअर मोठ्याने वाचत गेला, मी टाइप करत गेलो, डिस्क उघडली. मग नव्या मशिनची नोंद पुन्हा जागेवर. साडेतीन तास. बाकीच्या दोघांच्या की त्याच वाटेने काढल्या आणि उरलेल्या सातांच्या डिलीट करण्याआधी कागदावर उतरवून साहेबांच्या कपाटात ठेवल्या.

कोणतं अकाउंट कुठल्या ग्रुपमध्ये होतं तेही आता आधी टिपतोय. टॅलीच्या मशिनचा ग्रुप सुटला म्हणून सकाळी दोघांचे प्रिंटर गायब होते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सोळांपैकी पहिलं घेतलं, ओनर बदललेला. २७३२ गेला, आणि त्याच्या जागी साधा अ‍ॅक्सेस डिनाइड, कोड ५. गंमत म्हणजे हे बघून बरं वाटलं, हा आपल्या हक्कांचाच प्रश्न. शनिवारी चार परवानग्या देताना "कुठे लागू" या रकान्यात फक्त या ओयूपुरतं असं राहिलं होतं, आतल्या कॉम्प्युटर अकाउंट्सवर असं हवं होतं. सरांनी एनीडेस्कवरून बदललं, पाच मिनिटं थांबलो, जुळलं.

दिवसात नऊ झाली. एकाने सांगूनही जुनं मशिन चालू ठेवलं. नवं त्याच नावाने जुळलं की त्या अकाउंटचा पासवर्ड बदलतो आणि जुनं मशिन परकं होतं, ट्रस्ट रिलेशनशिप तुटल्याचा निरोप देऊन लॉगिनच करू देत नाही. त्यात त्याची निविदेची फाइल डेस्कटॉपवर. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत होता म्हणून निभावलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुरुनानक जयंतीची सुट्टी. रिकाम्या ऑफिसात उरलेली चौदा घेतली, त्यातली दोन होमवाली सोडून बारा झाली. कुणी विचारायला नाही, चहाची टपरी बंद, एवढीच तक्रार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रबाळे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, मग रिक्षा. इथली चार अकाउंट्स सरांनीच पूर्वी डोमेन अ‍ॅडमिन म्हणून बनवलेली, त्यामुळे मालकीचा प्रश्नच नव्हता. तीन पटापट जुळली. चौथं म्हणे, तुमच्या आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे.

घड्याळ बघितलं, बरोबर. माझ्या मनगटावरचं, भिंतीवरचं आणि स्क्रीनवरचं तिन्ही एक. मग टाइम झोन बघितला: पॅसिफिक. गोडाऊनच्या काकांना विचारलं.

"काका, घड्याळाला हात लावला होता का?"
"हो, चुकीचं दाखवत होतं, मीच नीट केलं काल."

त्यांनी झोन तसाच ठेवून काटे हाताने आणले होते. दिसायला बरोबर, पण आतली जागतिक वेळ साडेतेरा तासांनी पुढे गेलेली. डोमेनची ओळख-तपासणी करणाऱ्या कर्बेरोसला पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही. झोन बदलला, वेळ आपोआप घेऊ दिली, जुळलं. काकांना हे सांगितलं नाही. चहा त्यांनीच पाजला होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

सप्लायरकडून दोन प्रो लायसन्स आली. ती दोन मशिन ज्युनिअरने एकट्याने जोडली, मी मुद्दाम पॅन्ट्रीत बसलो होतो. पंधरा मिनिटांनी वही घेऊन आला: नाव, ओनर, क्रिएटर-सिड, बिटलॉकरची की कपाटात आहे की नाही, असे चार रकाने त्याने स्वतःच आखले होते. तीसच्या तीस.

बाकी: एएमसीच्या रजिस्टरमध्ये नवे सीरियल नंबर चढवणे. जुन्या डिस्क महिनाभर तशाच ठेवणे, पुसणे नाही. वहीत एकतिसावी ओळ आहे, ट्रायल-०१, क्रिएटर मी. पोराने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय. सरांना उद्या काढायला सांगतो.